कुसूरचा घाट, उन्हेऱ्याचं पाणी

आंदर मावळात शिरायचं तर जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावरचा कान्हे फाटा गाठायचा आणि उत्तरेला वळायचं. टाकवे बुद्रुकपर्यंत कारखान्यांची पत्र्याची छपरं दिसत राहतात. त्यापुढे भातखाचरं, डोंगर आणि टाटांचं तळं. हौशी मंडळी लोणावळ्याला थांबतात, चिक्की घेतात आणि परततात. पवन मावळात पवना धरणाच्या काठी तंबू ठोकणारेही पुष्कळ. आंद्रा नदीचं हे खोरं अजून शेतीच्या कामात गढलेलं आहे. आम्ही गेलो तेव्हा नोव्हेंबर सरत आला होता. कापणी उरकली होती, खळ्यांवर झोडणी चालली होती, आणि वडेश्वरच्या पुढे तर रस्त्याच्या कडेलाच पेंढ्याच्या गंजी रचून ठेवलेल्या होत्या.

सोबत माझी भाची होती. ती भूशास्त्रात संशोधन करते, आणि तिचा विषय आहे कोकणातले गरम पाण्याचे झरे. "झरे कोकणात, मग मावळात कशाला चाललो आपण?" असं मी फोनवर विचारलं होतं. ती म्हणाली, "मावशी, उन्हेऱ्याचं कुंड बघायचंय ना तुला? मग आधी त्या पाण्याचं माहेर बघ."

उन्हेरे म्हणजे रायगड जिल्ह्यात पालीजवळचं गाव, बल्लाळेश्वराच्या दर्शनाला येणारे बरेच जण ज्याच्या कुंडांत आंघोळ करून जातात ते. लहानपणी आईबरोबर मीही तिथे पाय बुडवून बसले आहे. तिथलं पाणी गरम का, हा प्रश्न तेव्हा आम्हाला पडायचा आणि मोठी माणसं 'जमिनीत गंधक आहे', 'खाली ज्वालामुखी आहे' अशी उत्तरं द्यायची. ही दोन्ही उत्तरं अजून तितक्याच सहजपणे दिली जातात. भाचीला त्यांचा मनापासून राग येतो, आणि दोन दिवस तिच्याबरोबर हिंडल्यावर तो राग मला पटला.

गाडीनं आम्हाला कुसूर गावात सोडलं आणि ती परत गेली. इथून पुढे पायवाट. एका ओसरीवर पाणी प्यायला टेकलो. घरच्या बाबांनी कुठून आलात, कुठे निघालात अशी रीतसर चौकशी केली आणि मग तळ्याकडे हात केला. "ताई, आमची खरी खाचरं त्या पान्याखाली हायेत. माज्या आज्याच्या येळची गोष्ट. उन्हाळ्यात पानी हटलं की बांध दिसत्यात, अजून."

हे ठोकरवाडीचं धरण. आंद्रेचं पाणी इथे अडवलं, डोंगरातून बोगदा काढला आणि ते पाणी पश्चिमेला सह्याद्रीच्या कड्यावरून खाली भिवपुरीला सोडलं. भिवपुरीचं वीजघर १९२२ मध्ये सुरू झालं. त्याआधी १९१५ मध्ये खोपोलीचं झालं होतं, त्यानंतर १९२७ मध्ये भिऱ्याचं. मुंबईच्या गिरण्या आणि पुढे लोकलगाड्या या विजेवर चालल्या. मुळशीला टाटांच्याच धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला, त्याचा इतिहास आपण शाळेत वाचतो. आंदर मावळातल्या बुडालेल्या खाचरांचा इतिहास बाबांच्या ओसरीवरच ऐकायला मिळाला. हे इथे मुद्दाम सांगते आहे, कारण जमिनीखालच्या उष्णतेतून वीज काढण्याची भाषा आता देशात सुरू झाली आहे, आणि डोंगरातून वीज निघते तेव्हा ती कुणाच्या तरी शेताशेजारून निघते, हे मावळाइतकं कुणाला ठाऊक असणार?

गाव सोडलं की पठारावरून घाटाच्या तोंडाशी जायला फार वेळ लागत नाही. कुसूरचा घाट जुना, मावळ आणि कोकण जोडणारा. काही ठिकाणी वाटेवर अजून दगडी फरसबंदी शाबूत आहे. कड्यावर उभं राहिलं की खाली कर्जतचा सखल मुलूख, उल्हास नदीचं वळण, आणि पायाखाली सरळ तुटलेला काळा कातळ.

भाचीचं काम इथे सुरू झालं. घाट उतरताना ती दर थोड्या वेळानं थांबायची आणि हातातल्या हातोडीनं कातळावर टकटक करायची. हा सगळा कातळ म्हणजे बेसाल्ट, थिजलेला लाव्हा. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या आसपास भेगांमधून लाव्हा बाहेर आला, पसरला, थंड झाला. मग त्यावर दुसरा आला. असे थरावर थर चढत गेले. आज या दख्खनच्या कातळानं सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर मुलूख व्यापलेला आहे. दोन थरांच्या मधे कुठे कुठे विटकरी मातीची पट्टी दिसते. एका लाव्ह्याचा वरचा भाग झिजून माती होण्याइतका काळ गेला आणि त्यानंतर पुढचा लाव्हा आला, असं त्या पट्टीवरून कळतं. या थरांच्या एका गटाला जगभरच्या भूशास्त्रज्ञांनी आपल्या खंडाळ्याचं नाव दिलेलं आहे, हे मला त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं.

एका वळणावर दरड कोसळून ताजा कातळ उघडा पडला होता. त्यात सुपारीएवढ्या, काही मुठीएवढ्या पोकळ्या होत्या. भाचीनं एक फुटका तुकडा माझ्या हातात दिला. पोकळीच्या आतल्या अंगाला पांढरे, चपटे स्फटिक पंख्यासारखे उमललेले, आणि त्यांच्या मधोमध एक पाणीदार, चौकोनी टोकाचा, काचेसारखा स्वच्छ. पांढरा तो स्टिल्बाइट, पाणीदार तो अपोफिलाइट. पुण्याच्या आसपासच्या खाणींतले आणि बोरघाटात रेल्वेमार्ग खोदताना सापडलेले असे स्फटिक जगातल्या मोठमोठ्या संग्रहालयांत जाऊन बसले आहेत. आपण त्यांना सरसकट गारगोट्या म्हणून मोकळे होतो.

"हे लाव्ह्यातून आलेले नाहीत," भाची म्हणाली. "लाव्हा थिजला तेव्हा वायूच्या बुडबुड्यांच्या या पोकळ्या रिकाम्या राहिल्या. नंतर खडकातून गरम पाणी फिरलं, त्यानं खडकातलेच क्षार विरघळवले आणि इथे आणून ठेवले. म्हणजे तू आत्ता उभी आहेस त्या जागी एके काळी उन्हेऱ्याच्या कुंडापेक्षा कितीतरी गरम पाणी वाहत होतं."

मी तो तुकडा बराच वेळ उन्हात फिरवून पाहत राहिले. काचेसारख्या स्फटिकाच्या एका कडेला मोत्यासारखी झाक होती, बाकीच्या बाजूंना आरपार दिसत होतं, आणि पांढऱ्या पंख्याच्या पाकळ्या नखानं दाबल्या तर निघून येतील इतक्या पातळ. मग भाचीनं त्यावर तारीख आणि जागा लिहिलेली पट्टी चिकटवली आणि तो पिशवीत टाकला.

आता उष्णतेबद्दल. लाव्ह्याची उष्णता केव्हाच संपली. ६ कोटी वर्षांत एवढा कातळ पार निवतो. त्यामुळे कोकणातले झरे ज्वालामुखीमुळे गरम आहेत हे खरं नाही. पृथ्वी आतून गरम आहेच. शिवाय खोलवरच्या ग्रॅनाइटसारख्या खडकांत युरेनियम, थोरियम, पोटॅशियम यांचे किरणोत्सारी अणू अगदी थोड्या प्रमाणात असतात, ते फुटताना उष्णता देतात. म्हणून जगात सर्वसाधारणपणे दर किलोमीटर खोलीला २५ ते ३० अंश तापमान वाढतं. पावसाचं पाणी भेगांमधून पुरेसं खोल गेलं आणि दुसऱ्या भेगेनं निवायच्या आत वर आलं, की झाला गरम झरा. उष्णता सगळीकडेच आहे. दुर्मीळ आहेत त्या भेगा. लोणावळ्याला वर्षाला ४,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तो सगळा नदीनाल्यांतून वाहून जात नाही, काही कातळात मुरतो. कोकणातल्या गरम पाण्यात हाच पाऊस आहे, हे भाभा अणुसंशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी संगमेश्वरजवळच्या तुरळ-राजवाडीच्या झऱ्यांमधले समस्थानिक तपासून दाखवलं. त्या पाण्यात ट्रिटियम, म्हणजे हायड्रोजनचा किरणोत्सारी समस्थानिक, फार कमी आहे. १९५०-६० च्या दशकांतल्या अणुचाचण्यांनंतर पावसात ट्रिटियम वाढला होता. तो यात जवळपास नाही, याचा अर्थ हा पाऊस त्याच्याही आधीचा.

"म्हणजे कुसूरला पडलेला पाऊस उन्हेऱ्याला निघतो?" मी विचारलं. भाचीनं लगेच थांबवलं. नेमका इथलाच पाऊस तिथे, असा पुरावा नाही; सह्याद्रीच्या उंचावर मुरतो आणि खाली कोकणात निघतो, एवढंच म्हणता येतं. माहेर म्हणजे एक गाव नाही, सगळी डोंगररांगच.

पाणी या कातळात खरोखर किती खोल जातं, याचं उत्तर कऱ्हाडनं दिलं आहे. तिथे केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची एक प्रयोगशाळा आहे. खोल विवरं घेऊन जमिनीच्या आतलं भूभौतिकशास्त्र अभ्यासणं हेच तिचं काम. तिचं निमित्त कोयनेचा भूकंप. कोयना धरणात १९६२ पासून पाणी साठू लागलं आणि ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे ६.३ तीव्रतेचा भूकंप झाला. तिथली जमीन आजही अधूनमधून हादरते. भूकंप जिथे जन्मतो तिथेच उतरून मोजमाप करायचं, असं शास्त्रज्ञांनी ठरवलं. आधी दीड किलोमीटरच्या आसपास खोलीची विवरं घेतली, मग २०१६-१७ मध्ये गोठणे इथे सुमारे ३ किलोमीटर खोल. वरचा बेसाल्ट सव्वा किलोमीटरच्या आसपास संपला आणि खाली अडीचशे कोटी वर्षांहून जुना ग्रॅनाइट लागला. आणि ३ किलोमीटरपर्यंत पाणी सापडलं, तेही पावसाचं. मला या सगळ्या कामातली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते. ज्या कातळाला आपण बंद आणि कोरडा समजत आलो, त्याच्या तळाखालच्या ग्रॅनाइटमध्येसुद्धा पाऊस पोचलेला आहे.

तिथल्या मोजमापांनी आणखी एक गोष्ट दाखवली, ती मात्र उत्साहाला आवर घालणारी. कोयनेच्या ग्रॅनाइटमध्ये दर किलोमीटरला तापमान फक्त १५ अंशांच्या आसपास वाढतं. सह्याद्रीखालचा खडक थंडच म्हणायचा. तेव्हा कोकणात ६०-७० अंशांचं पाणी निघतं ते खूप खोल जाऊन आलेलं असणार, आणि त्याला वर यायला चांगली वाट मिळालेली असणार. ती वाट कुठून जाते हे शोधणं, हाच या शोधकार्याचा गाभा.

घाट उतरून भिवपुरीच्या वीजघराजवळ आलो तेव्हा दुपार टळली होती. डोंगरावरून उतरणारे जाडजूड नळ जवळून पाहिले. पाचशे मीटरहून जास्त उंचीवरून पाणी यातून खाली येतं. पुढे ते उल्हास नदीला मिळतं. भीमेकडून बंगालच्या उपसागराला जाणारं पाणी असं अरबी समुद्राला वळलं. डोक्यावर उच्च दाबाच्या तारा गुणगुणत होत्या. भाची म्हणाली, तिच्या शास्त्राला या तारांचा फार जाच.

का, ते समजून घेण्यासारखं आहे. सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या प्रवाहामुळे पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र सतत किंचित हेलावतं. त्या हेलाव्यामुळे जमिनीत अगदी क्षीण विद्युतप्रवाह निर्माण होतात. कोरडा कातळ वीज वाहून नेत नाही, क्षारयुक्त गरम पाण्यानं भरलेली भेग नेते. जमिनीत इलेक्ट्रोड पुरून, चुंबकीय संवेदकं ठेवून रात्रंदिवस नोंदी घेतल्या तर काही किलोमीटर खोलवर पाणी कुठे असावं याचं चित्र काढता येतं. नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कोकणच्या पट्ट्यात असं काम केलं आहे. जवळून विजेची तार गेली की मात्र ते क्षीण संकेत बुडून जातात.

या संस्थेचा इतिहासही विजेशी असाच अडखळत चालत आला. तिचं मूळ म्हणजे १८२६ ची कुलाबा वेधशाळा. मुंबईत विजेच्या ट्राम येणार असं ठरलं तेव्हा चुंबकीय नोंदी बिघडतील म्हणून १९०४ मध्ये चुंबकीय वेधशाळा अलिबागला हलवली. तिथली इमारत लोखंड टाळून बांधलेली आहे. त्याच वर्षी इटलीत लार्देरेल्लो इथे जमिनीतून येणाऱ्या वाफेवर पाच दिवे पेटवण्यात आले होते. भूगर्भातल्या उष्णतेपासून वीज निघू शकते, हे जगाला पहिल्यांदा दिसलं ते तिथे.

कर्जतपर्यंत सहा आसनी रिक्षा, तिथून खोपोली, खोपोलीहून पालीची एसटी. रात्री पालीत मुक्काम. सकाळी सरसगडामागून ऊन वर यायच्या आत उन्हेऱ्याला पोचलो.

विठ्ठल-रखुमाईचं देऊळ आणि त्याला लागून दगडी बांधणीची कुंडं. भाविकांची एक गाडी आधीच आलेली होती. एका कुंडाच्या कडेला म्हाताऱ्या आजी गुडघ्यांवर ओंजळीनं पाणी ओतत बसल्या होत्या. थंडीचे दिवस, त्यामुळे पाण्यावर विरळ वाफ. तळातून थोड्या थोड्या वेळानं बुडबुड्यांची माळ वर येत होती. गंधकाचा वास आहे, पण नाक जवळ नेलं तर. भाचीनं तापमापकाची दोरी सोडली. तापमान चाळिशीच्या जवळपास. कोकणातल्या झऱ्यांत हे सौम्य. दापोली तालुक्यातल्या उन्हवऱ्याला ७० अंशांच्या घरात जातं. पालघर जिल्ह्यापासून राजापूरपर्यंत सुमारे ३५० किलोमीटरच्या पट्ट्यात अशी १८ ठिकाणं आहेत, त्यांत ६० च्या आसपास झरे. देशभरात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणानं २०२२ च्या नकाशासंग्रहात अशी ३८१ ठिकाणं नोंदवली आहेत.

"आजी, दुखणं थांबतं का यानं?" मी विचारलं.

"थांबत न्हाई, पण बरं वाटतं बघ. आन् ही पोरगी काय मोजतीया?"

भाचीनं आजींना समजावून सांगितलं. पाणी जितकं खोल आणि गरम राहून आलेलं असतं, तितकी जास्त वाळूची जात, म्हणजे सिलिका, त्यात विरघळलेली असते. वर येताना पाणी निवतं, पण सिलिका लगेच बाहेर पडत नाही. ती मोजली की खाली ते किती गरम होतं याचा अंदाज येतो. कोकणच्या झऱ्यांसाठी असे अंदाज शंभर अंशांच्या मागेपुढे येतात. तिनं बाटल्या त्याच पाण्यानं विसळल्या, गाळणीतून भरल्या, एकीत दोन थेंब आम्ल टाकलं म्हणजे विरघळलेली खनिजं तळाला बसू नयेत, आणि झाकणं चिकटपट्टीनं बंद केली. आजी सगळं नीट पाहत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मग आता हितं वीज करनार का? पानी जाईल का आमचं?"

हा प्रश्न मंत्रालयात विचारला जायला हवा, आणि त्याचं सरळ उत्तर मिळायला हवं. लडाखमध्ये पुगा खोऱ्यात ओएनजीसीनं २०२१ मध्ये करार करून १ मेगावॉटच्या प्रकल्पाची तयारी सुरू केली. तिथली परिस्थिती निराळी आहे. हिमालयाखाली उष्णता फार वर आलेली आहे. २०२५ मध्ये केंद्रानं भूऔष्णिक ऊर्जेचं राष्ट्रीय धोरणही जाहीर केलं. कोकणात ७० अंशांच्या पाण्यावर कमी तापमानाला उकळणारा द्रव तापवून जनित्र फिरवता येतं, नाही असं नाही. पण भिवपुरीचं शंभर वर्षांपूर्वीचं वीजघर ७५ मेगावॉटच्या घरातलं. त्याच्याशी तुलना केली तर या झऱ्यांकडून विजेची मोठी आशा धरणं मला रास्त वाटत नाही. खोल विवरं घेणं महाग, आणि भेग चुकली तर विवर कोरडं.

माझं मन दुसरीकडे ओढ घेतं. ६०-७० अंशांचं पाणी काजूबिया वाळवायला, आमसुलं वाळवायला, पावसाळ्यात मासळी सुकवायला पुरेसं आहे. जूनमध्ये सरी सुरू झाल्या की कोकणात वाळवणाचं काम थांबतं आणि माल बुरशीला जातो. नळीतून गरम पाणी फिरवलेली एक खोली त्या चार महिन्यांत किती घरांचं नुकसान वाचवील! पाणी नळीतून फिरून कुंडात परत येईल, आजींचं गुडघ्यांचं पाणीही राहील. त्यासाठी मेगावॉट नकोत. झऱ्याचा वर्षभराचा प्रवाह, तापमान आणि क्षार यांच्या नोंदी हव्यात. त्या घेणाऱ्या माणसांना पगार हवेत, एसटीचं भाडं हवं, आणि त्या नोंदी गावाच्या ग्रामपंचायतीत मराठीत लावलेल्या हव्यात. ठोकरवाडीच्या वेळी खोऱ्यातल्या माणसांना काय सांगितलं गेलं होतं आणि कुणी, हे कुसूरच्या ओसरीवर बसून विचारलं तर अस्वस्थ वाटल्याशिवाय राहत नाही.

भाचीला हे पटलं, आणि तिनं वेळ घालवला नाही. पालीहून परतीच्या एसटीत तिनं वही काढली आणि उन्हेऱ्याच्या ग्रामपंचायतीसाठी एक पानी मजकूर लिहायला घेतला. मी शेजारी बसून वाक्यं सोपी करत होते. 'अवक्षेपण' खोडलं, 'तळाला बसणं' लिहिलं. पाणी कुठून येतं, खाली ज्वालामुखी का नाही, आज किती तापमान भरलं, नमुने कुठल्या प्रयोगशाळेत जाणार, निकाल कधी कळणार, आणि आजींच्या प्रश्नाचं उत्तर: नमुना घेतल्यानं पाणी आटत नाही, इथे विवर घेण्याचं ठरलं तर ते आधी ग्रामसभेत सांगायला हवं, आणि तसं विचारण्याचा गावाला हक्क आहे. खोपोली येईपर्यंत पान भरलं. खाली तिनं पुढच्या मोजमापाचा महिना लिहिला, मे, विहिरी तळाला गेलेल्या असताना, आणि स्वतःचा फोन नंबर.